खोटे इशारे थांबले तेव्हा

"सर, सगळा आठवडा गेला, एकही फॉल्स अलार्म नाही," असे म्हणत श्रुतीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आलेखाची रेघ उतरत उतरत तळाला टेकली होती. आमचे विभागप्रमुख माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, "वा! बाहेरचे परीक्षक शनिवारी येताहेत. हाच आलेख पहिल्या स्लाइडवर घ्या." मी मान डोलावली. खरे सांगायचे तर मला काहीच समजले नव्हते.

मी नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. काही वर्षांपासून 'मानवकेंद्री तंत्रज्ञान' हा विषयही माझ्याकडे आहे. यंत्र माणसासाठी असते, माणूस यंत्रासाठी नव्हे, हे माझे पहिल्या तासाचे वाक्य. श्रुती ही माझी अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, मूळची काटोलची. एकटे राहणारे वृद्ध घरात पडले, तर ते ओळखणारी एक पेटी तिने प्रकल्पासाठी तयार केली होती. पेटी भिंतीवर बसते. तिच्यात कॅमेरा नसतो. ती रेडिओलहरी सोडते आणि माणूस उभा आहे, बसला आहे की जमिनीवर आहे, एवढेच ओळखते. उभा माणूस एकाएकी खाली गेला आणि थोडा वेळ तिथेच राहिला, की नातेवाइकाच्या मोबाइलवर इशारा जातो. कोणी पडलेले नसताना इशारा गेला, तर तो फॉल्स अलार्म.

मनीषनगरला राहणाऱ्या विमलताईंच्या फ्लॅटमध्ये आम्ही ही पेटी चाचणीसाठी लावली होती. विमलताई निवृत्त मुख्याध्यापिका. यजमान वारले. एकुलता एक मुलगा राहुल पुण्यात नोकरीला. सुरुवातीला रोज सकाळी इशारा जाई. कारण लवकरच सापडले. ताई सकाळी बुद्धमूर्तीसमोर वंदना करत आणि शेवटी गुडघे, हात, कपाळ जमिनीला टेकवून पंचांग प्रणाम करत. पेटीला वाटे, बाई पडल्या. मी श्रुतीला म्हटले, "परीक्षा होऊ दे. मग प्रणामाचे नमुने गोळा करून मॉडेलला पुन्हा शिकवू." मॉडेल म्हणजे पेटीतला ओळखणारा भाग. ते आपणहून काही शिकत नाही, शिकवावे लागते. आम्ही तर अजून काहीच शिकवले नव्हते.

मग इशारे थांबले कसे?

"पेटी बंद पडली असेल का?" मी विचारले.

श्रुतीने लॅबमध्ये तशीच दुसरी पेटी लावली आणि सतरंजीवर धाडकन आडवी झाली. थोड्या वेळात माझा फोन वाजला. "चालू आहे सर," ती जमिनीवरूनच म्हणाली. विमलताईंच्या पेटीकडून येणारे संदेशही व्यवस्थित येत होते. विभागप्रमुख म्हणाले, "चांगलं झालेलं का उकरता?" मलाही तसेच वाटू लागले होते. तरी मन स्वस्थ होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे मनीषनगरला गेलो.

ताई पांढरी साडी नेसून तयार होत्या. "या सर. तुमचं यंत्र शहाणं झालं म्हणे! बसा, वंदना आटोपते."

त्यांनी मेणबत्ती लावली आणि मूर्तीसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. हात जोडून त्यांनी त्रिसरण, पंचशील म्हटले. शेवटी फक्त मान लववली. पेटी गप्प होती.

श्रुतीने हलकेच विचारले, "आजी, गुडघे दुखून राहिले का तुमचे?"

"माझ्या गुडघ्याले काय धाड भरली?"

"मग खुर्चीवर काहून बसल्या?"

"तुझ्या डब्यापायी वं!"

मग त्यांनी सगळे सांगितले. इशारा गेला, की राहुलचा फोन येई. वंदना चालू असताना त्या फोन उचलत नसत. मग तो शेजारणीला फोन करी आणि शेजारीण दार बडवी. एकदा तर वॉचमन हातोडा घेऊन आला. त्या दिवशी राहुल म्हणाला, "आता आणखी एकदा असं झालं, तर येऊन तुले पुण्यालेच नेतो."

"घर ठेवायचं की खाली वाकणं, एवढंच हाती होतं," ताई म्हणाल्या. "मी घर ठेवलं."

"आम्हाला सांगायचं होतं, ताई."

"तुम्ही विचारलं कुठं, सर? ही पोरगी फोनवर विचारायची, इशारा गेला का? नाही गेला म्हणून मी सांगायची. खोटं होतं का ते?"

खोटे नव्हते. आमच्या आलेखावरचा प्रत्येक बिंदू खरा होता. आम्ही यंत्राला काहीच शिकवले नव्हते. यंत्राने ताईंना शिकवले होते. आणि त्यालाच मी यश म्हणून मान डोलावली होती.

ताई मूर्तीकडे पाहत म्हणाल्या, "वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर होते. कोणापुढं वाकायचं नाही, हे त्यांनी शिकवलं. इथं वाकते, ती माझ्या मर्जीनं. अन् हा डबा म्हणतो, पडली." मग एकदम म्हणाल्या, "राहुलले सांगू नका हं."

मी भिंतीवरच्या पेटीकडे पाहिले. ठरावीक वेळ पेटी बंद ठेवता आली असती, पण त्याच वेळी ताई खरोखर पडल्या तर? प्रणाम हा पडण्यापेक्षा वेगळा, हे मॉडेलला शिकवता आले असते, पण प्रणामासारखे दिसणारे एखादे खरे पडणे मग त्याच्या नजरेतून निसटले असते. याबद्दल गप्प राहावे, तर ताई खुर्चीवर. सांगावे, तर पुण्यात. काळजी राहुलची होती, जमीन ताईंची होती आणि पेटी आमची. यात केंद्रस्थानी कोण, याचा मला उलगडा होईना.

तेवढ्यात राहुलचाच फोन आला. आम्ही आलो आहोत हे कळताच त्याने मला फोनवर बोलावले. "सर, सिस्टीम आता बरोबर चालते ना?"

ताई माझ्याकडे पाहत होत्या. मी फोनवर हात ठेवून विचारले, "ताई, सांगू का? तुम्ही नाही म्हणालात तर नाही सांगणार." मग त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्पीकरवर लावला.

"राहुल, सिस्टीम नाही चालत. मी चालून राहिली तिच्या मनाप्रमाणं." आणि त्यांनी खुर्चीची गोष्ट सांगितली.

पलीकडे राहुलचा आवाज चढला. "आई, बाबा बाथरूममध्ये पडले होते. तू शाळेतून येईपर्यंत तसेच पडून होते. मले ते रोज दिसतं!"

"मलेही दिसतं गा. मी उचललं त्याईले." ताईंचा आवाज जराही हलला नाही. "बाथरूममध्ये लाव. पॅसेजमध्ये लाव. या खोलीत नको."

"अन् या खोलीत पडली तर?"

"तर पडली."

मी मध्ये बोलायला हवे होते, असे अजूनही वाटते. पण कोणाच्या बाजूने, ते आजही सांगता येत नाही. शेवटी राहुल म्हणाला, "वंदना झाली की रोज फोन करशील?"

"करीन. नाही आला तर वंदना लांबली समज."

तो हसला. मला तो हसल्यासारखा वाटला, असे म्हणणे अधिक खरे. श्रुतीने स्टुलावर चढून पेटीचे स्क्रू काढले. आम्ही निघालो, तेव्हा ताई खुर्ची उचलून गॅलरीत ठेवत होत्या.

शनिवारी श्रुतीने सारे जसे घडले तसे मांडले. परीक्षकांनी विचारले, "म्हणजे त्या खोलीत कोणी पडलं, तर तुमच्या उपकरणाला कळणार नाही?"

"नाही कळणार, सर."

"मग हे अपूर्ण आहे."

"हो सर."

गुण कमी आले. विभागप्रमुख माझ्यावर नाराज झाले. त्यांचेही चुकले, असे मला म्हणवत नाही. आता एक पेटी बाथरूममध्ये आणि एक पॅसेजमध्ये चालू आहे. ताई मनीषनगरलाच आहेत. एखाद्या सकाळी राहुलचा मला मेसेज येतो, "आईचा फोन आला नाही अजून." मी काय लिहावे ते न सुचून "थोडं थांबू या" एवढेच लिहितो आणि स्वतःही फोनकडे पाहत बसतो.

वर्गात हल्ली मी एक नियम सांगतो. यंत्र चुकू लागले तर यंत्र तपासा. ते एकाएकी चुकेनासे झाले, तर आधी त्या घरी जाऊन या.