मावशींची नवी भाषा

प्रसूतिगृहातल्या आयामावशींना पंचावन्नाव्या वर्षी नवी भाषा शिकायचा नाद लागला. नव्या कारखान्यामुळे परमुलखातल्या बायका गावात आल्या होत्या आणि कळा देताना त्या काय सांगतात ते कुणालाच कळत नसे. म्हणून मावशी कानात इयरफोन घालून, लादी पुसता पुसता मोबाइलवरचे धडे घोकत.

"कुठवर आलात?" सिस्टर चिडवायच्या.

"स्टेशनचा धडा झाला. दवाखान्याचा पुढे आहे!"

एका दुपारी त्या परमुलखातल्या बायकांपैकी एक पहिलटकरीण आली. डॉक्टरीणबाई "जोर लाव" म्हणून घसा फोडत होत्या, पण पोरगी भेदरून अंग चोरत होती. मावशींनी तिचा हात घट्ट धरला आणि येत होतं तेवढं तिच्या भाषेत ओरडल्या, "गाडी येतेय! चला, चला! लवकर!"

पोरगी चमकली, त्या कळांतही खुदकन हसली आणि तिने असा जोर लावला की दहा मिनिटांत बाळाने टाहो फोडला.

मावशींनी हात धुतले, व्हरांड्यात धावत जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"अहो, ऐकलंत का? मी बोलले आणि तिला कळलं!"