दहाव्याचं भादरलेलं डोक्सं

तो दिवस अजून माह्या डोयापुढून हालत नाही. पोरगी कडेवर, मी वाडीत वांगे तोडून राह्यली होती, अन् जीपमधून पोलीस उतरले. रिसोडच्या व्यापाऱ्याले दोन महिन्याआंधी अनसिंगच्या रस्त्यावर कोनी लुटलं होतं, अन् खबऱ्यानं नाव घेतलं माह्या नवऱ्याचं. ठाण्यात ह्यायले लय मारलं. हे एकच म्हनत, मी नाही. मंग ओळख परेडीत व्यापाऱ्यानं ह्यायच्यावरच बोट ठेवलं.

अकोल्याच्या कोर्टात सरकारनं वकील देल्ला. तो जेलात ह्यायले भेटाले एकडावही गेला नाही. व्यापारी पिंजऱ्यातून सांगे, "झोंबाझोंबीत याचे केस माह्या मुठीत होते."

अवो, ज्या दिवशी लूट झाली, त्याच दिवशी सकाळी सासऱ्याचा दहावा झाला होता, नदीवर न्हाव्यानं ह्यायचं डोक्सं साफ भादरलं होतं! धरून नेलं तवा केस पुन्हा वाढले होते. साऱ्या गावाले ठाऊक, म्हून वकिलाले सांगाचं कोनाच्या ध्यानातच नाही आलं. अन् त्यानं तरी कुठं इचारलं? उठला, "प्रश्न नाही" म्हनला, बसला.

मी वरडली, "ओ वकीलसाहेब, इचारा ना त्याले, कोनते केस?"

पोरगीही रडाले लागली. वकीलच म्हने, "बाई, बाहेर हो."

शिपायानं बाहेर काढलं. ह्यायले सजा झाली.

मंग ज्या फौजदारानं ह्यायले धरलं, त्याच्याचपाशी गेली. एका दमात सारं सांगतलं.

तो म्हने, "मग तुझ्या वकिलानं विचारलं का नाही?"

"अन् तुमी काहून नाही इचारलं साहेब? तुमच्याजोळ तर दंडाही होता!"

फौजदार म्हने, "नागपूरला अपील कर. वकील लढलाच नाही, हेच सांग तिथं."

नागपूरच्या नव्या वकिलानं पह्यले न्हाव्याले गाठलं, मंग गावच्या लोकायले. जजसाहेबानं सजा रद्द केली. म्हने, या मानसाची बाजू कोनी मांडलीच नाही, खटला पुन्हा चालवा.

आता पुन्हा अकोल्याले जाचं आहे. भेव वाटते, खोटं कायले बोलू? व्यापारी मोठा, आमी वांगेवाले. पन एक शिकली मी, साऱ्या गावाले ठाऊक असलं तरी कोर्टाले ठाऊक नसते, तोंडानं सांगाच लागते. या खेपी न्हावी साक्षीले पिंजऱ्यात उभा राहीन. अन् पोरगी कितीही रडो, मी बाहेर होत नाही.