माझा नारू, जावेची विहीर

डॉक्टरांनी गुडघ्याखाली बोटानं दाबलं, पिवळं पाणी आलं, आणि ते म्हणाले, "बाई, नारू अंदर तुटला आहे. अर्धा आतच सडून राहिला."

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातली ती सकाळ. मी बाजेवर बसले होते, पाय समोर लाकडासारखा पडलेला. अशा वेळी माणसाला पाय आठवतो, लेकरू आठवतं. मला राधी आठवली. राधी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिलाही त्याच उन्हाळ्यात नारू झाला होता आणि तिचा सबंध निघाला होता, शेपटीसकट. तिचा किडासुद्धा तिचं ऐकत होता.

ज्यांच्या गावात अजून नारू असेल त्यांच्यासाठी हे सांगते. नारूला डॉक्टर गिनीवर्म म्हणत. दोऱ्यासारखा पांढरा किडा तो. अंगात वर्षभर वाढतो आणि आपल्याला पत्ता नसतो. मग एके दिवशी पायाला खाज सुटते, फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते. फोड फुटला की दोऱ्याचं टोक बाहेर दिसतं. ते तुरीच्या बारीक काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं बाहेर घ्यायचं असतं. घाई करायची नाही. तुटला की आत राहिलेला तुकडा नासतो आणि पू धरतो. त्या पुवाच्या गाठीला डॉक्टर ॲब्सेस म्हणाले.

आमचं गाव अकोट आणि तेल्हाऱ्याच्या मधलं. ती कापसाची वर्षं होती. समुद्रापलीकडे कुठे लढाई लागली होती आणि त्यामुळे विलायतेला आमचा कापूस हवा होता, असं गाडीवान सांगायचे. ज्याच्या त्याच्या वावरात पऱ्हाटी. भाजी लावणारे आम्ही माळीच काय ते उरलो होतो, त्यामुळे बाजारात माझी टोपली उतरायच्या आधी गिऱ्हाईक उभं असायचं. बाजारातली निंबाखालची जागा माझी होती. सासूनंतर ती मला मिळाली होती.

आमच्या भागातलं पाणी खारं. वांग्याला चालायचं, माणसाला नाही. प्यायचं गोडं पाणी एका बारवेचं. पायऱ्या उतरून खाली जायचं, पाण्यात पाय घालून घागर बुडवायची. ज्याला नारू झाला तो शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायचा, कारण तेवढ्यानंच आग थांबायची. मीही बसायची. शेजारी लोक घागरी भरायचे. त्यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं.

माझ्या गुडघ्याखाली नारूनं तोंड काढलं तेव्हा राधीचा निघून गेला होता. ती म्हणाली, "जी, तुमी बसा घरी. बाजारात मी जातो." ती निंबाखाली माझ्या जागेवर बसेल हे मला खपेना. मी टोपली उचलली, काडी टोपलीच्या काठात अडकली आणि हिसका बसला. आत काहीतरी तुटल्याचं मला कळलं. पुढं सूज चढत मांडीपर्यंत गेली. हिंग-गुळ खाऊन झाला, धोत्र्याची पानं बांधून झाली. शेवटी आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, अकोल्याला जाणाऱ्या एका कापसाच्या गाडीत मला घातलं. कापसावर झोपून गेले, पण प्रत्येक खड्ड्याला माझा जीव जात होता.

लेक गंगू राधीपाशी राहिली. निंबाखालची जागा राधीपाशी राहिली.

दवाखाना म्हणजे एक लांब खोली आणि ओसरी. डॉक्टर हैद्राबादेकडचे, वयस्क, हळू बोलणारे. त्यांनी पाय चिरला, अळशीचं पुल्टिस बांधलं. पुल्टिस म्हणजे गरम लगदा, पू बाहेर ओढणारा. पू निघायचा आणि पुन्हा धरायचा. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. ओसरीवर लोक वाट बघत बसलेले असत, त्यांच्या खोकल्यावरून मी सकाळ ओळखायची.

आमचे घरचे वांग्यांची गाडी घेऊन अकोल्याला आले की भेटायला यायचे. त्यांचं प्रत्येक वाक्य राधीपासून सुरू व्हायचं. राधीनं गंगूचे केस कापले. राधीनं मेथी जास्त लावायला सांगितली आणि ती सगळी विकली गेली. राधी बाजारात अशी ओरडते की लोक हसत येतात. एकदा ते गंगूला घेऊन आले. ती माझ्या पायाच्या वासानं दाराशीच थांबली आणि बापाच्या मागं लपून म्हणाली, "मले काकीकडं जायचं हाय."

त्या दिवशी मी जेवले नाही. डॉक्टरांना वाटलं ताप वाढला.

मग एक दिवस झाडझूड सुरू झाली. अमरावतीहून मोठे सर्जन साहेब तपासणीला येणार होते. अकोला आणि अमरावती, दोन्ही जिल्ह्यांचे दवाखाने बघायचं काम त्यांच्याकडे होतं: औषधं आहेत की नाहीत, रोगी खरे आहेत की नुसते नावाला. साहेब आले ते उंच, उन्हानं लाल झालेले. माझ्या पायाशी बराच वेळ थांबले. दोघांचं इंग्रजीत बोलणं झालं. त्यातला अँप्युटेशन हा शब्द पुन्हा पुन्हा आला. त्याचा अर्थ मी नंतर विचारला. पाय कापणं.

डॉक्टर मला म्हणाले, "साहेब म्हणतात, एक बार अजून खोल चिरून पाहू. सबर करा. नाही उतरलं तर मांडीपासून काढावा लागेल."

साहेबांनी मग डॉक्टरांमार्फत माझं गाव विचारलं. डॉक्टरांनी त्यांना ओळीतल्या बाकीच्या बाजा दाखवल्या. त्यांतले नारूचे बहुतेक आमच्याच गावचे. साहेबांनी मला विचारलं, पाणी कुठलं पिता? मी म्हटलं, "बारवेचं." एवढंच.

मला त्यांनी तोंडावर रुमाल धरून गुंगीचं औषध हुंगवलं, क्लोरोफॉर्म त्याचं नाव, आणि पाय पुन्हा चिरला. सडलेला तुकडा निघाला. ताप हळूहळू उतरला. पाय राहिला, पण गुडघा वळेना. याला अँकिलोसिस म्हणतात, सांधा गोठून जाणं. डॉक्टर म्हणाले की हा आता असाच राहील, काठी घ्या आणि खुदाचे आभार माना. मी आभार मानले. पण बाजेवरून उतरताना माझ्या डोळ्यांपुढं राधीचे दोन धड पाय होते.

त्याच सुमारास घरचे आले. त्यांच्या तोंडावरचं हसू बघून मला वाटलं माझी चौकशी करतील. ते बसले आणि म्हणाले, "राधीनं कमाल केली."

झालं असं होतं. साहेब अकोल्याहून थेट आमच्या गावी गेले. गावात तेव्हा नुकतीच कमिटी नेमलेली. बाजाराची पट्टी गोळा करायची आणि त्यातून रस्ते, पाणी, सफाई बघायची, असं तिचं काम. कमिटीत सगळे कापसाचे अडते. त्यांनी कापसाच्या मैदानात नवी विहीर खणली होती, वर कठडा, रहाट, बैलांना दगडी कुंड. नशिबानं पाणीही गोडं लागलं होतं, पण ते गाड्यांच्या बैलांसाठीच राखलेलं. साहेबांना तीच दाखवली. साहेब खूश झाले आणि घोड्याकडं वळले, तेवढ्यात राधी डोक्यावर टोपली घेऊन आडवी झाली.

"सायेब, हे तं बैलायची विहीर हाय," ती म्हणाली. "माणसं कुठलं पाणी पेतात ते पाहाले चाला."

कमिटीचे लोक तिला हटवू लागले. साहेबांनी त्यांनाच हटवलं आणि तिच्या मागं गेले. बारवेच्या शेवटच्या पायरीवर नेहमीसारखे चार जण पाण्यात पाय सोडून बसले होते, बाजूला बाया घागरी भरत होत्या. राधीनं बोट दाखवलं. "माह्या जावेचा पाय अकोल्याले पडून हाय. तो याच पाण्यानं गेला."

हुकूम सुटला. पायऱ्या बुजवा, वर कठडा बांधा, रहाट लावा, पाण्यात कोणी उतरायचं नाही.

घरचे कौतुकानं सांगत होते. मी भिंतीकडं तोंड केलं. पाय माझा, पू माझा, चिरा माझ्या अंगावर, आणि बोलली ती. साहेब माझ्या बाजेपाशी उभा होता तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द निघाला होता. तिनं माझं दुखणं उचलून साहेबापुढं नेलं आणि ते तिचं झालं.

मी घरी आले तेव्हा पायऱ्या तशाच होत्या. कमिटीनं दोन दगड आणून टाकले आणि हंगाम आला म्हणून काम थांबवलं. अकोल्याहून एक कारकून तपासायला आला, तेव्हा दोन दगड चार झाले. तो पुन्हा आला, या खेपेला साहेबाचा दम घेऊन आला, तेव्हा कुठं कठडा चढला. हुकूम सुटला म्हणजे काम झालं असं समजू नका. कोणीतरी फिरून फिरून विचारायला यावं लागतं.

रहाटानं पाणी ओढताना बायांचे हात सोलून निघत. नारूवाल्यांना पाय गार करायला जागा उरली नाही. सगळ्या राधीला बोलू लागल्या. आणि पुढच्या उन्हाळ्यात, कठडा असूनही, नारू आला. जवळजवळ मागच्या वर्षीइतकाच. मग तर तिची सोयच राहिली नाही. निंबाखाली तिच्याकडं गिऱ्हाईक फिरकेना. मी ओट्यावर काठी घेऊन बसलेली असायची, आणि खरं सांगते, मला त्या दिवसांत जेवण गोड लागत होतं.

कमिटी म्हणाली, बारवेच्या रहाटापाशी पाण्यासाठी गाड्यांची गर्दी तुंबते, इलाज तर काही लागू पडला नाही, पायऱ्या पुन्हा मोकळ्या करू. चावडीवर बैठक ठरली. राधी दुपारी माझ्यापाशी येऊन बसली. ती रडत नव्हती. तळहाताचे फोड बघत होती.

"जी, मी चुकलो का?" तिनं विचारलं.

ती चुकली नव्हती आणि हे गावात फक्त मला माहीत होतं. डॉक्टरांनी मला दवाखान्यातच सांगितलं होतं: नारू पायातून शिरतो की पिण्यातून, हे मोठमोठ्या हकिमांनाही ठाऊक नाही, पण शिरल्यावर वर्षानं निघतो. पाणी आज साफ केलं तरी जो आत बसला आहे तो येत्या सालात बाहेर येणारच. फरक दिसतो त्याच्या पुढच्या साली.

मी गप्प बसले असते तर राधी हरली असती. मला ती हरलेली हवी होती. पण गंगू तेव्हा बारवेवर लहान घागर घेऊन जाऊ लागली होती.

मी काठी टेकत चावडीवर गेले. पुरुषांची बैठक, बाई म्हणून मी पायरीखालीच उभी राहिले. लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं आणि त्यांना पाय दाखवला. डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "एक साल थांबा," म्हटलं. "पुढच्या साली नारू आला तं मीच पायऱ्या मोकळ्या करून देईन, याच हातानं." अकोल्याचा कारकून तिथंच होता. तो म्हणाला, साहेबाला न विचारता दगड हलला तर जाब द्यावा लागेल. कमिटी थांबली.

पुढच्या उन्हाळ्यात गावात नारूचे दोघंच निघाले, तेही बाहेरून आलेले गाडीवान.

लोक कठडा घातलेल्या त्या बारवेला राधीची विहीर म्हणू लागले. मी चावडीवर उभी राहिले होते हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. एका राधीच्या राहिलं. तिनं निंबाखालची जागा मला परत दिली आणि माझ्यासाठी बसायला उंच दगड आणून ठेवला, कारण मला मांडी घालता येत नव्हती. मी तिला कधी चांगलं म्हटलं नाही. तिनं वाट पाहिली नाही.

ज्यांना हे दुखणं येईल त्यांना माझं सांगणं: काडी सावकाश फिरवा, टोपली दुसऱ्याला उचलू द्या. तपासणीला कोणी आलं तर त्याला चुना लावलेल्या जागेपाशी थांबू देऊ नका, हात धरून पाण्यापर्यंत न्या. तुम्हाला जमत नसेल तर घरात जिची जीभ चालते तिला पुढं करा. त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. साहेबाचीही आहे. राधीचं नाव त्यात घ्यायला मला आजही घास गिळावा लागतो, पण घेते.

मागे एकदा गंगूची पोर माझ्या पायावरून हात फिरवत होती. तिनं विचारलं, "आजी, हे कायनं झालं?" मी म्हटलं, नारूनं. ती म्हणाली, "नारू म्हणजे काय?"

मी तिच्या पायांकडं पाहिलं. मातीनं भरलेले, धावून धावून तडकलेले तिचे पाय. फोडाची धास्ती नाही, तो शब्दसुद्धा ठाऊक नाही. मला तिचा हेवा वाटला. जन्मभर मी हेवा केला, पण छातीत न जळता केलेला तो पहिलाच.

मी तिला सांगितलं, "काई नाई वो. जुनं दुखणं होतं एक." ती खेळायला पळाली.