बिनविरोध आजी

पोरांनी माझ्या मांडीवर लॅपटॉप ठेवला. बंद.

मी झाकण उघडून बटण चाचपायला लागले, तर यशराज वाकून म्हणाला, "नको आजी, चालू नका करू. फोटोपुरताच आहे."

हॉल हसला. मीही हसले.

त्या माझ्या हसण्याबद्दलच लिहायचंय. यशराजचं काय, माझ्या वर्गातलं पोरगंच ते, जुळे सोलापुरातल्या बंगल्यातलं, खाऊनपिऊन गुटगुटीत. त्याला आजी म्हणजे फोटोत बसवायची वस्तू. पण मी? साठी उलटलेली बाई. अख्खी नोकरी सरकारी कचेरीत कॉम्प्युटरसमोर काढलेली. साहेबांच्या चुका गुपचूप निस्तरलेल्या, वर "मावशी, जरा चहाचं बघा" हेही ऐकलेलं. निवृत्त झाल्यावर, लग्नाआधी केलेल्या बी.एस्सी.ची धूळ झटकून विद्यापीठात एम.एस्सी. कॉम्प्युटरला नाव घातलेलं. त्या बाईच्या मांडीवर तिच्याच विषयाचं यंत्र बंद करून ठेवलं, आणि तिनं दात काढले. वर मान थोडी तिरकी केली. तशी केली की फोटोत हनुवटी बरी दिसते.

लोक आपल्या तरुणपणीच्या मूर्खपणावर हसतात. माझा मूर्खपणा ताजा आहे. गेल्या सत्रातला. तेव्हा मी जरा तरुण होते.

विभागप्रमुख सरांनी माईक घेतला. "आपल्या कॉम्प्युटर सोसायटीच्या बिनविरोध अध्यक्षा! आजी, तुम्ही फक्त आशीर्वाद द्या. काम पोरं करतील."

टाळ्या. रील काढलं गेलं. मागच्या रांगेत एक मुलगी हात मांडीवर ठेवून बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. मी तिला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. हे मला चांगलं जमतं.

सोसायटी म्हणजे आमच्या विभागातल्या विद्यार्थ्यांची संघटना. गावाकडं माझ्या धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आक्का, अध्यक्ष झालीस? मग युरिया आलाय का तुमच्या सोसायटीत?" त्याला गावातली खत वाटणारी सोडून दुसरी सोसायटी माहीतच नाही. आमच्या सोसायटीचं काम स्पर्धा भरवायच्या, बाहेरच्या कंपन्यांतली माणसं बोलवायची. आणि तास संपल्यावर लॅब कुणी वापरायची ते ठरवायचं. हे शेवटचं काम सगळ्यात बारीक वाटतं. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला वाटतं. मला पोरानं नवाकोरा घेऊन दिला होता, मलाही वाटत होतं.

त्या मागच्या रांगेतल्या मुलीला वाटत नव्हतं. तिचं नाव सारिका.

अध्यक्षपदाला खरी ती उभी राहिली होती. वर्गावर्गांत जाऊन एकच सांगायची, "ज्याच्याकडं लॅपटॉप न्हाय, त्याला संध्याकाळपतोर लॅब. बास. मला दुसरं काय बी नको." पोरं 'न्हाय'वर फिदीफिदी करायची. पण हॉस्टेलची पोरं, एस.टी.नं येणारी पोरं हसायची नाहीत. ती पोरं मनात मोजदाद करत होती. सारिका निवडून येणार होती. हे सरांना दिसलं, यशराजला दिसलं, मलाही दिसलं.

मी काय केलं? पहिल्याच दिवशी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळ, तुमी नाही, तुम्ही म्हणावं. इंटरव्ह्यूत बरं दिसतं." मोठी आली शिकवणारी. ज्या तोंडानं हे सांगितलं ते तोंड वेळापूरचं. लग्न होऊन सोलापुरात आले तोवर मीही तुमी-आमीच करत होते. कचेरीत घासून घासून काढलं ते, भांड्याची कड घासावी तसं.

तिनं गाव सांगितलं, वेळापूर. मग आडनाव सांगितलं. आडनावावरनं मला तिची आळी कळली. देवळाच्या अंगाला आमचं घर, ओढ्यापलीकडं त्यांची घरं. तिनं विचारलं, "आजी, तुमचं म्हायेर कुटलं?"

"सोलापूरच," मी म्हणाले.

पटकन म्हणाले. विचारसुद्धा करावा लागला नाही.

मग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला. आयुष्यभर ज्या बाईनं दुसऱ्यांना चहा पाजला, तिला कुणी चहा मागवला की ती पाघळते. मी पाघळले. सर म्हणाले, "आजी, तुम्ही अर्ज भरा. ती वेळापूरची मुलगी हटून बसलीय. कंपन्यांची माणसं येतात, त्यांच्यापुढं ती बोलणार कशी? तुम्ही उभ्या राहिलात की प्रश्नच मिटतो. तुमच्याविरुद्ध कोण उभं राहणार?"

हे शब्द मी नीट ऐकले. कान शाबूत आहेत माझे.

आमच्या गावाकडं ही रीत मी लहानपणापासून बघत आलेय. ज्याला निवडून येऊ द्यायचं नाही त्याला विरोध करायचा नाही. त्याच्यासमोर एक वडीलधारं माणूस उभं करायचं. मग गावानं म्हणायचं, थोरामोठ्यांचा मान ठेवा, बिनविरोध करा. समोरच्यानं पागोटं सावरत माघार घ्यायची, पेढे वाटायचे. कुणी कुणाला हरवत नाही. सगळं मानानं होतं. गळा मानानं दाबला की आवाज येत नाही.

मी अर्ज भरला.

दुसऱ्या दिवशी सारिका कॉरिडॉरमध्ये आली. सगळ्यांच्या देखत माझ्या पाया पडली. "आजी, मी माघार घेतली." मी काय केलं असेल? तिच्या डोक्यावरून हात फिरवला! म्हणाले, "गुणाची पोर." मला खरंच वाटलं, की हिचं माझ्यावर प्रेम आहे. त्या बयेला, म्हणजे मला, कुणीतरी तेव्हाच एक चापट द्यायला हवी होती.

पुढं मजेत गेलं. रिक्षावाला ओळखायला लागला, "रीलवाल्या आजी ना?" नात बिल्डिंगभर मोबाईल नाचवत फिरली. सह्या मागायला यशराज यायचा. मी करायचे.

एका दुपारी माझा डबा वर्गात राहिला म्हणून परत गेले. जिन्यात सारिका बसलेली. मांडीवर कडक भाकरीचा तुकडा, शेंगाची चटणी, आणि हातात मोबाईल. दोन अंगठ्यांनी प्रोग्राम लिहीत होती. एवढ्याशा पडद्यावर. एक ओळ लिहायची, बोटानं वर ढकलायचं, मागची ओळ शोधायची, पुन्हा खाली.

"इथं का बसलीस गं? लॅब उघडी आहे की."

"यशराजची टीम हाय आत. स्पर्धेची तयारी. बाकीच्यांना मनाई हाय."

"कुणी सांगितलं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "अध्यक्षांनी."

लॅबच्या दारावर नोटीस होती. खाली माझी सही. फसवून घेतली असती तर किती बरं झालं असतं! पण मी ती नोटीस चष्मा लावून वाचली होती. वाचून सही केली होती. मला वाटलं, 'बाकीचे' म्हणजे असतील कुणीतरी बाकीचे.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. गुडघे कुरकुरले. विचारलं, "तू माघार का घेतलीस?"

"खरंच इचारताय व्हय?"

"खरंच."

"सरांनी आईला फोन लावला. म्हणले, तुमची पोरगी म्हाताऱ्या बाईला पाडाय निघालीय. आईनं नाव इचारलं तुमचं. ऐकलं आन फोनच ठिवला. मग मला म्हणली, माघार घे न्हायतर घरी यिऊ नको."

"माझं नाव ऐकून का?"

"तुमच्या भावाच्या रानात खुरपाय जाती की ती."

जिना तसाच होता. भिंत तशीच. मला मात्र धरायला काही सापडेना.

"म्हणजे तुला ठाऊक होतं, मी वेळापूरची?"

"म्हाईत हाय की. ल्हानपनी बघितलंय तुमाला. बांधापतोर गाडी यायची तुमची. तुमी खाली उतरायचा न्हाय, चिखूल असायचा." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "तुमी म्हायेर सोलापूर म्हणला, तवा मी म्हणलं जाऊ दे. म्हाताऱ्या माणसाला कशाला उघडं पाडायचं."

म्हणजे मान तिनं ठेवला होता. मी खोटं बोलत असताना, समोर बसून, मला कळू न देता.

मग तिनं शेवटचं विचारलं. आवाज चढवला नाही. "लॅबसाठीच मी उभी ऱ्हायले हुते. सरांनी मला हटवाय तुमाला उभं केलं, तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?"

नाही म्हणता आलं असतं. म्हातारपणाचा एवढा एक फायदा असतो, काहीही माहीत नव्हतं म्हणावं, लोक मानतात. ती पण मानली असती, किंवा मानल्यासारखं केलं असतं.

"माहीत होतं," मी म्हणाले.

मी रडायला लागले. तर ती म्हणाली, "आजी, रडू नका. आता तुमाला पाणी आणाय मला उठाय लागंल, आन प्रोग्राम आर्धाच हाय."

डोळे पुसले. मग माझ्यातली उदार अध्यक्षा जागी झाली. म्हणाले, "मी राजीनामा देते. पद तुला देते."

"दिऊ नका. दिल्यालं परत घेता येतं." तिनं मोबाईल बाजूला ठेवला. "निवडणूक लावा. तुमी बी उभ्या ऱ्हावा, नावापुरतं न्हाय, खरोखर. मी पाडणार तुमाला."

"आणि तुझी आई?"

"आईचं मी बघते. तुमच्या भावाचं तुमी बघा."

घरी येऊन भावाला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, तुझं वय काय, चाललंय काय? आपल्या रानात येणाऱ्या बाईच्या पोरीसंगं निवडणूक? लोक काय म्हणतील?"

किती वर्षांनी माझ्या तोंडात माझी बोली आली. "लोक काय बी म्हणू देत. तिच्या आईचं काम सुटता कामा नये. तिला एक शब्द बोलायचा न्हाय, तू न्हाय आन तुझ्या बायकूनं न्हाय."

"आन बोललो तर?"

"जमिनीचं माझं हक्कसोडपत्र अजून व्हायचंय. इसरू नको."

पलीकडं म्हैस ओरडली, मग तो म्हणाला, "न्हाय बोलत."

आता हे लिहिताना मला शूर वाटायला लागलंय, म्हणून आधीच सांगते. यात शौर्य काही नाही. वाडवडिलांच्या जमिनीचा धाक घालून मी एका बाईची मजुरी शाबूत ठेवली. म्हणजे तिची भाकरी अजून आमच्याच मर्जीवर आहे. आणि लॅब बंद होती त्या दिवसांत सारिकाचा एक विषय राहिला. तिचा राहिला, माझा सुटला. माझ्याकडं लॅपटॉप होता. हे कुठल्या निवडणुकीनं भरून निघत नाही. मी ते घेऊनच झोपते, घेऊनच उठते.

सरांना सांगितलं, दारावरची नोटीस उतरवतेय आणि नव्या निवडणुकीसाठी सभा बोलावतेय. ते गोड हसले. "आजी, ह्या वयात दगदग कशाला? राजीनामा द्या. उपाध्यक्ष यशराज आहेच."

"राजीनामा नाही. सभा. अध्यक्षाला सभा बोलावता येते, तुम्हीच केलेत नियम."

"लोक हसतील तुम्हाला."

"हसून झालंय सर. मीच पहिली हसले होते, लॅपटॉप मांडीवर घेऊन."

नोटीस मी माझ्या हातानं फाडली. लॅब संध्याकाळपर्यंत उघडी असते. यशराज बोलत नाही माझ्याशी. सारिकाही फारशी बोलत नाही. आत येते, मशीन गाठते, काम करते. माझ्याकडं बघून हसत नाही, आणि मी तशी अपेक्षा धरत नाही.

सोमवारी मतदान आहे. सरांनी वर्गावर्गांत पुन्हा तेच सुरू केलंय, आजींचा मान राखा, वयाचा मान राखा. म्हणून मीही वर्गावर्गांत फिरतेय, त्यांच्या पाठोपाठ. फळ्यापुढं उभी राहते आणि सांगते, की मी उभी आहे, सारिका उभी आहे. गेल्या वेळी माझ्या वयाच्या आडून तिला माघार घ्यायला लावली. मी त्यात होते, मला माहीत होतं. यावेळी प्रत्येक मत मी मागणार आहे, सोपी जाणार नाही. पण माझे पिकलेले केस बघून कुणी हात वर करणार असेल तर त्यानं घरी बसावं. माझं काम बघा, तिचं बघा.

मान ठेवू नका माझा. पटलं तर मत द्या. नाहीतर पाडा.