हात न लावलेली द्राक्षं

पडदा वर जातो. विटांच्या उंच भिंतींनी वेढलेली बाग, उत्तरेच्या भिंतीला टेकून काचेची लांबलचक घरं, आणि त्यातल्या द्राक्षघरात शिडीवर उभा म्हातारा माळी, एनॉस टॅपलिन. एका हातात कात्री, दुसऱ्यात बेचकं असलेली काठी. काठीनं घोस हळूच वळवायचा, सडका मणी कात्रीनं काढायचा. बोट लावायचं नाही. पिकत्या द्राक्षावर पांढुरकी भुकटी धरते. ती पुसली गेली की गेली.

"बायकोला तरी कधी हात लावलास का रे, टॅपलिन?" स्वयंपाकीण हेटी दारातून विचारायची.

"तिच्यावर भुकटी नव्हती!"

इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यात, बाईसाहेबांच्या हवेलीत त्याचं सारं आयुष्य गेलं. मग डोळे जाऊ लागले. भिंतीमागची त्याची खोली नोकरीबरोबरची. नोकरी सुटली की छप्परही सुटणार. हेटीला ठाऊक होतं आणि मलाही; मी तिथला वाढपी, पूर्वीचा नट. आम्ही कुणाला कळू दिलं नाही. रंगमंचावर नट अंधारात पावलं मोजून कसे वावरतात, ते मी त्याला शिकवलं. माझ्यापेक्षा सरस नट निघाला! शिडी, नळ, दार, कुठे म्हणून अडखळला नाही.

पण सडका मणी दिसेना. तो चाचपू लागला.

सप्टेंबरातल्या मेजवानीला चांदीच्या तबकात घोस गेले. दिव्याखाली मण्यामण्यावर बोटांचे काळे, चकचकीत ठसे. पाहुणे हसले. बाईसाहेबांनी टॅपलिनला बोलावलं.

"यांना हात कुणी लावला?"

दुसऱ्या कुणावर ढकलता आलं असतं. तो म्हणाला, "मीच, बाईसाहेब. दिसत नाही आता."

बाईसाहेबांनी तबक बाजूला सारलं. "वाईट वाटतं, टॅपलिन. पण खोली नव्या माळ्याला लागेल."

महिनाअखेरीस तो गावाबाहेरच्या निराधारगृहात गेला. लांबलचक दालन, ओळीनं खाटा, उंचावरच्या खिडक्या. ऊब कुठेच नाही.

नाताळात हेटी आणि मी भेटायला गेलो. देठ पाण्याच्या बाटलीत खोचून कोठीत टिकवलेला, त्याच्याच वेलीचा घोस हेटीनं शालीआड लपवून आणला होता. तिनं तो त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं वाकून वास घेतला. चेहरा उजळला, अगदी रंगमंचाच्या दिव्यांसमोर उभा असल्यासारखा.

"लाव की हात," हेटी म्हणाली. "आता कोण ओरडणार आहे तुला?"

त्याची बोटं घोसापर्यंत गेली आणि थबकली. आठवड्याभरात तो गेला. आम्हाला त्या दिवशी, हात मागे घेताना, एवढंच म्हणाला होता:

"नको. खराब होतील."