उतू गेलेली बेरीज

नॉर्बर्ट हेवरकँप आयोवातल्या एका छोट्या कारखान्यात जवळजवळ तीस वर्षं प्रोग्रॅम लिहीत होता. कारखाना मका सुकवायची यंत्रं बनवायचा आणि त्या यंत्रांतल्या चिपला अक्कल शिकवायचं काम नॉर्बर्टचं. चर्चमधल्या जेवणात कुणी कामाचं विचारलंच, तर "मक्याला ऊब देतो," एवढं म्हणून तो बटाट्याचं भांडं पुढे सरकवी.

त्या ऑक्टोबरात मका फार ओला आला. यंत्रं थांबतच नव्हती. त्यात शेजारच्या काउंटीतलं एक यंत्र पेटलं. तिथल्या गड्याच्या छातीत धूर गेला, त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. कारखान्याचा मालक लेलँड म्हणाला, भुसा पेटला असेल, दरवर्षी कुठे ना कुठे पेटतोच. पण यंत्र ज्याचं होतं तो फोन ठेवता ठेवता बोलून गेला की पडद्यावर उष्णतेचा आकडा उणे दिसत होता. हे ऐकल्यापासून नॉर्बर्टचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

मक्याला दिलेल्या उष्णतेची यंत्र बेरीज करत जातं. त्या बारक्या चिपमध्ये बेरजेला जागा थोडी. ती भरली की आकडा उलटून उणे होतो, यंत्राला वाटतं मका अजून गारच आहे, आणि ते जाळ चालू ठेवतं. नॉर्बर्टला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं एक ओळ राखणीला बसवली होती: बेरीज आधीपेक्षा कमी भरली, की बर्नर बंद.

त्यानं टेबलावर प्रोग्रॅम चालवून पाहिला. बेरीज उलटली, बर्नर बंद झाला. पुन्हा चालवला, पुन्हा तेच.

"चालतंय की," शेजारी बसणारी ट्वायला म्हणाली. शेतावर जाणारा प्रोग्रॅम तीच तयार करायची. "उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

"तू पाठवलास तो असाच बनवला होतास?"

"असाच कसा? इथे आपण साधा बनवतो. पाठवताना कंपायलरला सांगतो, जमेल तेवढं छाट आणि जलद कर. नेहमीचंच आहे. फक्त उन्हाळ्यात कंपायलर नवा घेतला."

कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. नॉर्बर्टनं शेतावर गेलेली प्रत उघडली आणि चिपच्या आज्ञा एकेक करून वाचल्या. बेरीज होती. तिच्या पुढचं काम होतं. मधली राखण नव्हती.

"खाल्ली," तो म्हणाला.

"कुणी?"

"कंपायलरनं. त्याचं म्हणणं, वाढत्या आकड्यात भर घातल्यावर बेरीज कमी कशी भरेल? मग ही ओळ हवी कशाला?"

"पण भरते ना कमी."

"आपण ज्या भाषेत लिहितो तिचा नियम आहे, अशी बेरीज जागेबाहेर उतू जाता कामा नये. गेली, तर पुढे काय व्हावं याबद्दल भाषा काहीच कबूल करत नाही. मी बेरीज उतू गेल्यावर तपासत होतो. आधी तपासायला हवं होतं."

"म्हणजे कंपायलर बरोबर?"

"हो ना."

ओळ दुरुस्त करायला वेळ लागला नाही. पण प्रत्येक शेतावर जाऊन चिप बदलायची, तर आठवडा जाणार. तोवर यंत्रं बंद ठेवायला हवीत, असं त्यानं लेलँडला सांगितलं.

"भर हंगामात? एक ओळ गायब झाली म्हणून?" लेलँड म्हणाला. "मला पेटताना दाखव."

"पेटेलच असं नाही."

"मग झालं तर."

"पेटणार नाही असंही नाही. काय होईल ते सांगता येत नाही, लेलँड. तेच सांगायला आलोय."

लेलँडनं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. दवाखान्यातल्या गड्याला तो सकाळीच भेटून आला होता.

"ओळ कुणाची?"

"माझी."

"ट्वायला, फोन लावायला घे."

दुपारपर्यंत यंत्रं घेतलेल्या सगळ्या शेतकऱ्यांशी बोलणं झालं. राहिला एक मर्ल डायक्स्ट्रा. तो फोन उचलेना. नॉर्बर्ट गाडी काढून निघाला.

मर्लच्या अंगणात यंत्र घोंघावत होतं. पडद्यावरचा आकडा खूप वर गेला होता, पण उलटला नव्हता. नॉर्बर्टनं कुणाला न विचारता गॅसचा नळ फिरवला. जाळ विझला. पंखा गार हवा ओढत राहिला.

मर्ल ट्रॅक्टरवरून उतरून तरातरा आला. "अरे, हे काय चालवलंयस? माल कुजेल माझा."

"आठवडाभर बंद ठेवावं लागेल, मर्ल. आमच्याकडून चूक झालीय."

"पडद्यावर तर सगळं ठीक दिसतंय."

"दिसतंय खरं."

"पेटलं असतं का?"

हो म्हटलं असतं तर मर्ल गप्प बसला असता. नॉर्बर्टला ते कळत होतं.

"ठाऊक नाही."

"तुझंच यंत्र, आणि तुलाच ठाऊक नाही?" मर्ल त्याच्याकडे बघत राहिला. "लेलँडलाच विचारतो थांब." आणि तो घराकडे वळला.

ट्रॅक्टरमागे ओल्या मक्यानं भरलेल्या दोन गाड्या उभ्या होत्या, आंबूस वास आतापासूनच सुटला होता. नॉर्बर्ट नळावरचा हात न काढता तसाच उभा राहिला. मर्ल परत येऊन नळ उघडायला लागला, तर त्याला अडवायचं कसं, हे त्याला सुचत नव्हतं.