शेवट न बघणारे काका

बाडहूव्हडॉर्प या डच गावातून ऑफिसला जाताना बसमध्ये एक काका रोज भेटायचे. पुण्याहून मुलाकडे आलेले, उन्हातही कानांना मफलर. मोबाइलवर कृष्णधवल टीव्हीच्या जमान्यातली गुन्हेगारी मालिका बघायचे. दर भागात नवी गोष्ट, नवा खून. नट मात्र तेच पाच-सहा. मी शेजारी बसलो, की न विचारताच इयरफोनचं एक टोक माझ्या हातात द्यायचे. खुनी सापडायच्या वेळी नेमका माझा स्टॉप यायचा.

एकदा मी उतरलोच नाही. ऑफिसात माझंच प्रेझेंटेशन होतं, तरीही. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं, बोट उचललं, आणि काकांनी मोबाइल बंद करून खिशात टाकला.

"अहो काका, खुनी कोण?"

"मी शेवट बघत नाही," ते म्हणाले. "एकदा बघितला. तर तो खुनी पुढच्या भागात डॉक्टर होऊन आला. त्याच्या औषधावर माझा विश्वासच बसेना!"

मी अर्धा तास उशिरा मीटिंगमध्ये शिरलो. सगळ्या डच माना एकदम वळल्या. वाटलं, यांनीही आजचा भाग इथेच बंद करावा. उद्या मला पुन्हा सज्जन होऊन यायचं होतं.